वेबसाठी भाषा निवडताना

प्रारंभीच एक कबुली द्यावयास हवी. आम्ही संगणकशास्त्राचे पंडित नाही. उमेदीची सोळा वर्षे लेथवर गेली आणि त्यानंतरची कामगार संघटनेच्या कचेरीत. शाळा दहावीला सुटली ती सुटलीच. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात, रात्रपाळीच्या मधल्या सुटीत आणि बरेचसे स्वतःच्या चुकांतून. तेव्हा वेबसाठी प्रोग्रॅमिंगची भाषा कोणती निवडावी ह्या विषयावर आम्ही बोलावे, ह्यात थोडा आगाऊपणा आहे असे कोणास वाटले तर त्यांचे अगदीच चुकले असे नाही.

पण हा विषय आमच्याकडे आपल्या पायांनी चालत आला, आणि तोही दोन वाटांनी.

पहिली वाट अशी. कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला आमचा एक सभासद एके दिवशी कचेरीत आला. हातात तीन क्लासांचे तीन छापील कागद. म्हणाला, “भाऊ, पोरीला कुठल्या भाषेच्या क्लासाला घालू? एक म्हणतो पायथन, दुसरा म्हणतो जावा, तिसरा म्हणतो ह्या दोन्ही जुन्या झाल्या. फी हिशेबाच्या पैशातून भरायची आहे. एकदाच भरता येईल.” त्या ‘एकदाच’ शब्दाने आम्हाला बांधून टाकले. चुकीचे उत्तर दिले तर दंड भरणार तो. आमचे काय जाणार होते?

दुसरी वाट आमच्याच दोषाची. काही वर्षांपूर्वी संघटनेची सभासद-नोंदणी, वर्गणी आणि तक्रारींची नोंदवही आम्ही वेबवर नेली. काम एका खाजगी कंपनीला दिले. “अगदी नव्या भाषेत करून देतो,” असे ती मंडळी म्हणाली आणि त्या ‘नव्या’ला आम्ही भुललो. करारावर सही आमची होती. तीन वर्षांनी त्यांनी धंदा आवरला. कोड त्यांच्याकडे, सर्व्हरचा परवलीचा शब्द त्यांच्याकडे, आणि गावात ती भाषा जाणणारा एकही माणूस नाही. नेमके त्याच वेळी आमच्या एका सभासदाच्या बडतर्फीचे प्रकरण समेट-अधिकाऱ्यापुढे होते. त्याने पहिली लेखी तक्रार कोणत्या तारखेस दिली, ह्यावर बरेच काही अवलंबून होते. ती तारीख ज्या वहीत होती, ती वही आम्हाला उघडता येईना!

तेव्हापासून ह्या विषयाचा आम्ही पिच्छा पुरविला. जे हाती लागले ते येथे मांडतो.

खिडकीच्या दोन बाजू

संगणकाला करावयाच्या कामाच्या सूचना क्रमवार लिहून द्याव्या लागतात. ह्या सूचनांचा संच म्हणजे प्रोग्रॅम, आणि त्या ज्या ठराविक व्याकरणात लिहितात ती प्रोग्रॅमिंगची भाषा. अशा भाषा शेकडो आहेत. पण वेबच्या कामात त्यांपैकी किती उपयोगी, हे समजण्यास आधी वेब म्हणजे काय ते पाहू.

टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज गृहस्थांनी जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या अणुसंशोधन संस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली. ठिकठिकाणच्या संगणकांवरील कागदपत्रे एकमेकांना जोडावीत आणि कोठूनही वाचता यावीत, एवढाच मूळ हेतू. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे आपले सॉफ्टवेअर सर्वांना मोफत खुले केले. ही तारीख आम्ही मुद्दाम सांगतो. वेब एका कंपनीची मालमत्ता असती, तर तिचा आजचा विस्तार झाला असता की नाही ह्याची शंकाच आहे.

आता पोस्टाची खिडकी डोळ्यांपुढे आणा. खिडकीच्या अलीकडे आपण उभे. आपण फॉर्म भरतो, आत सरकवतो. पलीकडे कारकून, तो फॉर्म तपासतो, मागच्या कपाटातील खातेवही काढतो, नोंद करतो आणि पावती बाहेर देतो. वेबचे काम हुबेहूब असेच. अलीकडची बाजू म्हणजे आपल्या मोबाइलवरचा वा संगणकावरचा ब्राउझर. पलीकडचा कारकून म्हणजे सर्व्हर. मागची खातेवही म्हणजे डेटाबेस. भाषा निवडण्याच्या वादात निम्मा गोंधळ होतो तो ह्या दोन बाजू वेगळ्या न केल्यामुळे.

अलीकडच्या बाजूला निवड अशी फारशी नाहीच. पानावर काय लिहिले आहे ते एचटीएमएल सांगते, ते कसे दिसावे हे सीएसएस सांगते, आणि बटण दाबल्यावर काय व्हावे हे जावास्क्रिप्ट सांगते. अलीकडे वेबअसेंब्लीमुळे इतर भाषांनाही ह्या बाजूस वाट मिळाली आहे. २०१९ मध्ये तिला अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. तरी नित्याचे काम जावास्क्रिप्टवाचून होत नाही.

ह्या जावास्क्रिप्टची जन्मकथा ऐकण्याजोगी आहे. मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीतील ब्रेंडन आइक ह्यांनी तिचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत तयार केला. नाव प्रथम मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट. आणि त्या सुमारास जावा नावाच्या दुसऱ्या भाषेचा बोलबाला होता म्हणून वर्षअखेरीस जावास्क्रिप्ट. जावाशी तिचे नाते नावापुरतेच. घाईत केलेल्या त्या कामातील कित्येक वेडगळ गोष्टी आजही तशाच आहेत, कारण त्या बदलल्या तर जगभरची जुनी पाने मोडतील. तरीही ही भाषा टिकली, ती सर्वांत चांगली होती म्हणून नव्हे. ती प्रत्येक ब्राउझरमध्ये होती, आणि १९९७ पासून तिचे मानक एका कंपनीच्या हाती न राहता एक्मा ह्या मानकसंस्थेकडे गेले. कारखान्यातही असेच नाही का? ज्या मापाचा पाना सर्वत्र मिळतो, त्याच मापाचे नट-बोल्ट चालतात.

पलीकडच्या भाषा

खिडकीच्या पलीकडे मात्र बाजार भरलेला आहे, आणि प्रत्येक भाषा कोणत्या तरी गरजेतून जन्मलेली आहे.

पीएचपी घ्या. रासमस लेरडॉर्फ ह्यांनी १९९४ साली वेबवर ठेवलेली आपली माहिती कोण कोण पाहते हे मोजण्यासाठी काही छोटी साधने लिहिली आणि १९९५ मध्ये ती सर्वांना दिली. त्यातून ही भाषा वाढत गेली. जाणते लोक तिला नावे ठेवतात. पण विकिपीडिया तिच्यावर चालतो आणि २००३ साली निघालेले वर्डप्रेसही. स्वस्तातले स्वस्त होस्टिंग घेतले तरी पीएचपी तेथे बहुधा आयती असते.

पायथन ही नेदरलँड्समधील गिडो व्हान रॉसम ह्यांची. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाली. वाचावयास सोपी असावी, हा तिचा पिंड. वेबच्या कामासाठी तिला जँगो नावाचा आयता सांगाडा २००५ मध्ये मिळाला, आणि तो अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत घडला. आजची बातमी आजच छापली पाहिजे, ही तेथील निकड. म्हणून नोंदी भरण्याची पाने जँगोमध्ये जवळजवळ आपोआप तयार होतात.

रूबी ही जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो ह्यांची, १९९५ ची. तिच्यावरचा रेल्स हा सांगाडा २००४ चा. जावा हीदेखील १९९५ ची, सन कंपनीची. बँका, विमा अशा मोठ्या कारभारात ती रुजली. सी शार्प मायक्रोसॉफ्टची. प्रथम विंडोजपुरती, २०१६ पासून इतरत्रही अधिकृतपणे चालणारी. गो ही गूगलची, २००९ ची. एकाच वेळी हजारो मागण्या हाताळणाऱ्या सर्व्हरसाठी. त्याच २००९ साली रायन डाल ह्यांनी नोड हे साधन काढले आणि जावास्क्रिप्ट खिडकीच्या पलीकडेही नेऊन बसविली. एकच भाषा दोन्ही बाजूंना चालावी, ही ह्यातील सोय, मोहही तोच.

ही यादी पुरी नव्हे. पण एवढ्यावरून दिसेल, की ‘सर्वांत चांगली भाषा कोणती’ हा प्रश्न ‘सर्वांत चांगले हत्यार कोणते’ ह्या प्रश्नासारखाच आहे. कानस की करवत, ह्याचे उत्तर समोरच्या कामावाचून देता येत नाही.

वेगाचा वाद

आमच्या संघटनेतली तरुण मुले वाद घालीत, तो बहुधा वेगावरून. अमुक भाषा तमुकीपेक्षा दहापट वेगवान. हे खोटे नाही. निव्वळ आकडेमोडीत गो किंवा जावा ही पायथनला सहज मागे टाकते. पण वर्गणीची एक पावती दाखविण्यात वेळ जातो कोठे, हे पाहिले पाहिजे.

समजा सर्व्हर न्यूयॉर्कजवळ आहे. मुंबईपासून ते अंतर सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे नुसते जाऊन येण्यास सेकंदाचा आठवा हिस्सा लागणार, आणि हा झाला निसर्गाचा किमान भाव. प्रत्यक्षात वळसे पुष्कळ. त्यानंतर डेटाबेस खातेवही शोधणार. ह्या सर्वांपुढे पावतीचा मजकूर जुळविण्यास भाषेला लागणारा वेळ बहुधा किरकोळच. सर्व्हर जवळचा घेतला आणि खातेवहीला नीट अनुक्रमणिका लावली, तर भाषा बदलून मिळणार नाही एवढा वेग मिळतो.

मग वेग कधीच महत्त्वाचा नाही काय? आहे, पण मोठ्या आकारावर. ट्विटर २००६ साली रूबीवर सुरू झाले. गर्दी वाढली तेव्हा ते वारंवार कोलमडे, आणि पुढे त्यांनी बरेच काम स्काला व जावा ह्यांकडे नेले. फेसबुक पीएचपीवर वाढले. त्यांनी ती टाकून दिली नाही. २०१० मध्ये तिला वेग देणारे स्वतःचे यंत्र काढले आणि २०१४ मध्ये तिच्यापासून हॅक नावाची भाषाच घडविली. दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. भाषेची मर्यादा आड आली ती कोट्यवधी माणसे जमल्यानंतर, आणि तेव्हा ती ओलांडण्यास पैसाही होता. काही हजार सभासदांच्या संघटनेने, गावातल्या दुकानाने किंवा पतपेढीने ट्विटरच्या दुखण्याचे औषध आज का घ्यावे?

आपल्या लिपीची परीक्षा

एक परीक्षा मात्र आपल्या लोकांनी आवर्जून घ्यावी, कारण परदेशी पुस्तकांत ती क्वचितच सापडते. ती म्हणजे देवनागरीची.

‘मी’ हा शब्द आपल्या डोळ्याला एक अक्षर दिसतो. युनिकोडच्या हिशेबात ती दोन चिन्हे आहेत, म आणि दीर्घ वेलांटी. नेहमीच्या साठवणीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण सहा. आता भाषेला विचारा, ‘मी’ची लांबी किती? पीएचपीचे साधे मोजमाप सांगते सहा; पायथन आणि जावास्क्रिप्ट सांगतात दोन; आणि माणूस म्हणतो एक. आमच्या पहिल्या वेबसाइटवर पावतीवरील नावाला वीस ‘अक्षरे’ ठेवली होती, आणि ती मोजली होती बाइटांत. परिणाम असा, की लांब नावे सहा चिन्हांनंतर तुटत आणि शेवटी चौकटीत प्रश्नचिन्ह उमटे. एका वृद्ध सभासदाने ती पावती आमच्यापुढे टाकली आणि म्हणाला, “वर्गणी पुरी घेतली, नाव अर्धेच का?” आम्हाला उत्तर सुचले नाही.

दुसरा पेच अनुक्रमाचा. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या पुढे. युनिकोडच्या क्रमांकात तो ल ला लागूनच आहे. त्यामुळे संगणक आपल्या बुद्धीने यादी लावील तर ‘काळे’ आधी, ‘कावळे’ नंतर आणि ‘काशिद’ शेवटी. शब्दकोशाच्या रीतीने क्रम हवा कावळे, काशिद, काळे. मतदारयादी छापताना हा फरक भांडणापर्यंत जातो. ह्यावर उपाय आहेत. पीएचपीत चिन्हे मोजणारी वेगळी साधने आहेत, आणि भाषावार अनुक्रम लावणारी आयती ग्रंथालये बहुतेक मोठ्या भाषांना जोडता येतात. तेव्हा कोणी काहीही विकावयास आला तरी त्याच्यापुढे जोडाक्षरांनी भरलेली दहा मराठी नावे ठेवावीत आणि म्हणावे, ही मोजून, तोडून, क्रमाने लावून दाखवा.

मालक कोण, आणि जुन्याचे काय होते?

कामगाराला हत्याराविषयी दोन प्रश्न पडतातच. हे कोणाचे? आणि मोडले तर सुटा भाग मिळेल का?

फ्लॅश नावाचे साधन एके काळी वेबवर सर्वत्र होते. ते अडोबी कंपनीचे. कंपनीने २०१७ मध्ये जाहीर केले की ते बंद होणार, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार संपला. साडेतीन वर्षांची सूचना होती. तरी दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याचे काही फॉर्म फ्लॅशमध्येच राहिले होते, आणि जानेवारी २०२१ मध्ये ते उघडण्यासाठी त्या खात्याला स्वतःचा वेगळा ब्राउझर काढून द्यावा लागला. आपणही हे दुसऱ्या रूपात भोगले आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी ज्याच्या त्याच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले अर्ज, अहवाल आणि स्मरणिका आज उघडल्या तर रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो. मजकूर आपला, पण किल्ली दुसऱ्याची.

भाषा खुली असली म्हणून सारे निर्वेध होते असेही नाही. पायथनची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. दुसरीत लिहिलेला कोड तिसरीत जसाच्या तसा चालेना. दुसरीचा आधार १ जानेवारी २०२० पर्यंत चालू ठेवावा लागला. ज्याने कोड लिहून माणसे सोडून दिली होती, त्याला ही अकरा वर्षेही अपुरी पडली.

आणि सुट्या भागांचे काय? आजची वेबसाइट सगळी स्वतः लिहीत नाहीत. इतरांनी मोफत ठेवलेले शेकडो लहान तुकडे जोडून ती उभी राहते. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने नावावरून झालेल्या तंट्यात आपले सर्व तुकडे जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक भांडारातून काढून घेतले. त्यांत लेफ्ट-पॅड नावाचा अवघा अकरा ओळींचा एक तुकडा होता. काम काय, तर शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरणे. त्या अकरा ओळींवाचून जगभर कित्येक मोठ्या सॉफ्टवेअरांची बांधणी अडली आणि काही तासांत भांडाराच्या चालकांना तो तुकडा परत ठेवावा लागला. आम्हा चळवळीतल्या माणसांना ह्यात नवल वाटले नाही. खालच्या माणसाचे काम किती मोलाचे, हे त्याने हात काढून घेतल्यावरच कळते! पण निवड करणाराने त्यातून धडा घ्यावा, की कमी सुट्या भागांवर चालणारे साधन दीर्घकाळ सांभाळावयास सोपे.

हात कोणाचे?

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, अमेरिकेत लक्षावधी लोकांचे रोजगार गेले. न्यू जर्सी राज्यात बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला आणि भत्ते अडकले. तेव्हा तेथील गव्हर्नर फिल मर्फी ह्यांनी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक दिली. कोबोल ही १९५९-६० मध्ये घडलेली भाषा. त्या कारभाराची मागची यंत्रणा अजून तिच्यावर चालत होती. वर्तमानपत्रांनी सारा दोष त्या म्हाताऱ्या भाषेच्या माथी मारला. संगणकाचा इतिहास अभ्यासणाऱ्या मार हिक्स ह्यांनी मात्र पुढे असे मत मांडले, की मागची कोबोल यंत्रणा काम करीतच होती. बिघाड झाला तो अर्ज भरून घेणाऱ्या पुढच्या, नव्या वेबसाइटीत. आणि मुळात ही यंत्रणा सांभाळणारी माणसे खर्च वाचविण्यासाठी कमी केली गेली होती.

हे वाचले तेव्हा आम्हाला आमच्याच कारखान्याची आठवण झाली. जुने यंत्र बंद पडले की साहेब म्हणत, यंत्र जुने झाले. त्या यंत्राचा आवाज ऐकून दुखणे ओळखणारा फिटर आदल्या वर्षी घरी पाठविलेला असे, हे कोणी बोलत नसे. भाषेचेही तसेच आहे. भाषा म्हातारी होते म्हणून काम मरत नाही. ती जाणणारे हात जवळपास उरत नाहीत, तेव्हा मरते. म्हणून निवडीचा पहिला प्रश्न ‘नवी कोणती’ हा नसून, आजपासून पाच वर्षांनी ही वेबसाइट दुरुस्त करावयास कोण येईल, हा आहे.

आम्ही काय केले

त्या बडतर्फ सभासदाची तारीख अखेर सापडली. आमच्या वेबसाइटीत नव्हे, तर त्याच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत, त्याच्या पत्नीने जपून ठेवलेल्या कार्बन प्रतीवर. त्या बाईंचे उपकार आम्ही विसरू शकत नाही, आणि आमची लाजही. इतरांच्या नोंदी पावतीपुस्तकांवरून पुन्हा हाताने भरल्या. एक अख्खी दिवाळीची सुटी त्यात गेली. काही जुन्या तक्रारी कायमच्या गेल्या.

नोंदी भरावयास तीन कागद आणणाऱ्या सभासदाची मुलगीही येत असे. नवी भाषा कोणती घ्यावी ह्यावर आमचे तरुण कार्यकर्ते हमरीतुमरीवर आले असताना ती म्हणाली, “काका, भाषेचं नंतर बघू. आधी तुमची वही दाखवा.” वही पाहून तिने कागदावर तीन तक्ते आखले: सभासद, वर्गणी, तक्रार. कोणती नोंद कोणाशी जोडलेली, हे ठरल्यावर निम्मा वाद आपोआप मिटला. डेटाबेसला प्रश्न विचारण्याची एसक्यूएल ही भाषा १९७० च्या दशकातली. पुढे कोणतीही भाषा घेतली तरी ती लागणारच होती.

शेवटी आम्ही पीएचपी घेतली. ती थोर आहे म्हणून नव्हे. गावात ती जाणणारे चार-सहा जण होते, होस्टिंग स्वस्त होते, काम साध्या नोंदीचे होते. जँगोही तितकाच योग्य ठरला असता, आणि पायथन जाणणारी दोन माणसे हाताशी असती तर आम्ही तोच घेतला असता. पण सोबत तीन अटी घातल्या. कोडची प्रत संघटनेच्या कपाटात. काम जाणणारी माणसे किमान दोन. आणि दर महिन्यास सर्व नोंदी कोणत्याही संगणकावर उघडेल अशा साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवून ठेवावयाच्या.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर. वेबच्या कामासाठी शिकणाऱ्याने एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि एसक्यूएल ह्यांना टाळता येणार नाही. ह्यांना पर्याय शोधण्यात वेळ दवडू नये. पलीकडच्या बाजूची एकच भाषा घ्यावी, जवळपासच्या नोकऱ्या आणि शिकविणारा पाहून, आणि ती मुरवावी. एका लेथवर नीट शिकलेला टर्नर दुसऱ्या लेथवर आठवड्यात बसतो. पाच लेथ नुसते पाहिलेला कोठेच बसत नाही. क्लासची जाहिरात भाषेचे नाव मोठ्या अक्षरांत छापते. आपण तेथे जाऊन विचारावे, की मुले दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून दुरुस्त करतात का? हल्ली सांगितल्याबरोबर कोड लिहून देणारी यंत्रे आली आहेत. त्यामुळे तर हे वाचणे आणि दुरुस्त करणे अधिकच मोलाचे झाले. कारण यंत्राने लिहिलेल्या कोडखाली सही मात्र माणसालाच करावी लागते.

त्या मुलीने पायथनचा क्लास घेतला, आणि आमची पीएचपी ती घरी बसून शिकली. त्या दोन जाणत्या माणसांपैकी एक तीच. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती कचेरीत येते, नोंदींची फाइल उतरवून घेते आणि पावतीपुस्तकांच्या शेजारी कपाटात ठेवते. कपाटाची एक किल्ली आमच्याकडे असते, दुसरी खजिनदारांकडे.